थोरलीच्या नावची सुई

औषधाचं खरं नाव लांबलचक होतं, डब्यावर छापणाऱ्यालाही ते धड म्हणता येत नसावं. गावानं पहिल्याच वर्षी त्याचं 'सहामाही' करून टाकलं. शाळेतल्या परीक्षेसारखी दर सहा महिन्यांनी यायची, म्हणून सहामाही. फिरत्या दवाखान्याची पांढरी गाडी चावडीपुढं उभी राहिली की म्हातारी माणसं एकमेकांना विचारायची, "काय मग, अभ्यास झाला का?" आणि दंडावर सुई टोचून घेऊन पास झाल्यासारखी हसत घरी जायची.

शालनआक्का जमदाडे या परीक्षेला कधी बसल्याच नव्हत्या. सरकारदरबारी मात्र त्या दोन्ही वेळा पास होत्या.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी रक्ताबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. रक्त वाहतं राहायला हवं आणि जखम झाली की थांबायलाही हवं, अशी ती दुहेरी नोकरी आहे. ज्यांच्या हृदयाचा ठेका चुकतो त्यांच्या हृदयात रक्त कोपऱ्यात साचून राहतं, साचलं की तिथं गुठळी होते, आणि ती गुठळी सुटून मेंदूत गेली की धडधाकट माणूस एका बाजूनं लुळा पडतो. म्हणून अशा माणसांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या द्यायचे. त्या गोळ्यांचा ताल मोठा अवघड. कमी पडल्या तर गुठळी, जास्त झाल्या तर रक्त थांबता थांबत नाही, आणि विसरल्या तर दोन्हीकडून पंचाईत.

सहामाहीनं हा सगळा घोळ निकालात काढला होता. जळू रक्त पिते तेव्हा ते गोठू नये म्हणून लाळेतून एक द्रव्य सोडते, हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. त्याच द्रव्याचं एक सुधारलेलं भावंड शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत घडवलं आणि मोहरीहून कितीतरी बारीक मण्यांमध्ये भरलं. सुईनं ते मणी कातडीखाली सोडायचे. ते सावकाश विरघळत सहा महिने रक्तात औषध सोडत राहतात. खरी करामत पुढं आहे. हे औषध रक्त गोठवणाऱ्या साखळीतली नेमकी अशी कडी अडवतं, की शिरांच्या आत गुठळी होत नाही, पण बोट कापलं तर दाबून धरल्यावर रक्त पहिल्यासारखंच थांबतं. नेहमीच्या तपासणीतही काही वेगळं दिसत नाही. औषध घेतलेल्या माणसाला आपण औषध घेतलंय हे जाणवतसुद्धा नाही. सगळ्या जगानं त्याचं कौतुक केलं ते यासाठी, आणि जमदाड्यांच्या घरात घात झाला तोही यामुळंच.

शालनआक्कांचे मालक, आबा, जुन्या गोळ्यांवर होते. तासगावच्या बाजूला जमदाड्यांची बेदाण्याची शेड आहे. द्राक्षं पसरायला आबा रॅकच्या वरच्या मजल्यावर चढले, पाय सटकला, डोक्याला पेरूएवढं टेंगूळ आलं. दुसऱ्या कुणाला झालं असतं तर हळद लावून भागलं असतं. आबांच्या कवटीत रक्त झिरपत राहिलं. मिरजेला पोचेपर्यंत कानातून आलेल्या रक्तानं आक्कांच्या मांडीवरचं लुगडं भिजून जड झालं होतं. त्या दिवसापासून रक्त पातळ करणारं कुठलंही औषध म्हणजे आक्कांच्या लेखी विष.

पुढं त्यांच्याच हृदयाचा ठेका चुकतोय असं निघालं आणि त्यांना सहामाही लिहून दिली. मुलगा विश्वजीत पुण्यात होता. बापाच्या मरणातून त्यानं उलटाच धडा घेतला होता. तो म्हणाला, "आई, त्या जुन्या गोळ्यांचा दोष होता. हे औषध वेगळं आहे. आणि हे बघ, एक जरी सुई चुकली तर मी शेडला कुलूप लावून तुला पुण्याला घेऊन जाणार. माझ्याकडे नोंद येते." नोंदीत त्याचं नाव आक्कांचा काळजीवाहक म्हणून घातलेलं होतं. सुई झाली की त्याच्या फोनवर एक हिरवं पान उमटायचं.

आक्कांचा जीव शेडमध्ये. पुण्याच्या बाराव्या मजल्यावर आपण कुंडीतल्या तुळशीसारख्या वाळून जाऊ, याची त्यांना खात्री होती. सुईही नको आणि पुणंही नको. गाडी यायच्या आदल्या दिवशी त्या बेदाणा निवडायच्या जाळीपाशी बसून तोच तोच बेदाणा पुन्हा निवडत होत्या.

समोर वैजयंता बसली होती. वैजयंता त्यांची धाकटी जाऊ, या घरात आली तेव्हा मिसरूड फुटलेल्या नवऱ्यापेक्षाही लहान दिसायची. सासू नव्हती, म्हणून भाकरी थापायला शिकवली आक्कांनी, आजारपणं काढली आक्कांनी, मूल होत नाही म्हणून भावकी बोलली तेव्हा कमरेला पदर खोचून भांडल्या त्याही आक्काच. आणि विश्वजीत जन्मला तेव्हा त्यांनी तो वैजयंताच्या मांडीवर ठेवून सांगितलं होतं, "ह्यो तुजा बी हाय." आता दोघीही विधवा होत्या आणि एकाच चुलीवर जेवत होत्या.

"आक्का, एवढं काय मनाला लावून घेताय?" वैजयंता म्हणाली. "तुमचं कार्ड द्या माझ्याजवळ. मी घेऊन येते सुई."

"खुळी का काय? तुला कशापायी?"

"मला काय हुतंय? तुमच्यापरीस धा वर्सानं ल्हान हाय मी. येक सुई तर हाय."

यंत्राला फसवणं सोपं निघालं. पोटॅशच्या पाण्यात द्राक्षं बुचकळून आणि आयुष्यभर बेदाणा निवडून त्या भागातल्या बायकांच्या अंगठ्यांवरच्या रेघा केव्हाच झिजलेल्या. कुठलंच यंत्र त्यांना दाद देत नसे. म्हणून गाडीतल्या नर्स कार्ड बघून काम चालवायच्या. बेदाण्याला गंधकाची धुरी देताना बायका तोंडाला रुमाल बांधतात, तसा रुमाल बांधून वैजयंता रांगेत उभी राहिली. "शालन जमदाडे" असा पुकारा झाला, आणि तिनं दंड पुढं केला.

ती परत आली तेव्हा आक्कांनी तिला देव्हाऱ्यापुढं उभी केली, तिच्या हातावर बेलाचं पान ठेवून त्यावर चिमूटभर भंडारा टाकला. "उचल," त्या म्हणाल्या. "ह्यातलं कुनाला काय सांगनार न्हाईस." वैजयंतानं बेलभंडारा उचलला. तिकडं पुण्यात हिरवं पान उमटलं आणि विश्वजीतनं फोन करून आईला शाबासकी दिली.

पुढं ऑक्टोबरच्या छाटणीत द्राक्षवेली छाटताना कात्रीनं वैजयंताचं बोट कापलं. आक्का जागेवरच बसल्या. पण चिंधी दाबून धरली आणि रक्त थांबलं, नेहमी थांबतं तसंच. आक्कांनी दोन-तीनदा चिंधी सोडवून बघितलं. मग हसून म्हणाल्या, "काय बी न्हाई त्या सुईत. नुसतं पानी हाय. उगं सरकारचा खेळ."

त्या समजुतीवर दुसरी सहामाहीही वैजयंतानंच घेतली.

ऐन हंगामात, दुसऱ्या सुईला दोन-एक महिने झाले असतील, वैजयंता रॅकवरून पडली. आबा पडले तोच रॅक. कमरेच्या खुब्याचं हाड मोडलं. विश्वजीत रात्रीच पुण्याहून निघाला आणि सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात पोचला तेव्हा तिला ऑपरेशनसाठी तयार करत होते.

भूल द्यायला डॉक्टर निलोफर मुजावर होत्या. पन्नाशीच्या, बोलायला मऊ, पण हातचं काम सोडून इकडंतिकडं न बघणाऱ्या. त्यांनी वैजयंताच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. वर्षानुवर्षं गंधकाच्या धुरात काढलेली छाती, आतून शिट्ट्या वाजत होत्या.

"पूर्ण बेशुद्ध करून घशात नळी घातली तर ही फुफ्फुसं यंत्रावरून लवकर सुटायची नाहीत," त्या विश्वजीतला म्हणाल्या. "पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचं बधिर करू. तेच बरं." मग भिंतीवरच्या पडद्याकडं नजर टाकली. वैजयंता जमदाडे, कुठलंही औषध चालू नाही, असं तिथं हिरव्या अक्षरांत होतं. आजकालचे तरुण डॉक्टर एवढ्यावर पुढं जायचे. मुजावरबाईंना तोंडानं विचारायची सवय होती. "मावशी, रक्त पातळ करायचं काही घेता का? गोळी, सुई, काहीही?"

वैजयंतानं आक्कांकडं बघितलं. फक्त बघितलं.

"काकीला कसलं औषध?" विश्वजीत मध्येच म्हणाला. "काकी ठणठणीत असते. सहामाही आईला चालू आहे. एकदाही चुकवलेली नाही तिनं." आणि त्यानं कौतुकानं आईच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या हाताखाली आक्कांना सांगावं असं एकदा वाटलं, नाही असं नाही. पण बोट कापलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. थांबलं होतं की रक्त. सुईएवढं भोक पडणार, त्यात काय होतंय? त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

"न्हाई वो बाई, काय घेत न्हाई," वैजयंता म्हणाली.

ऑपरेशन छान झालं. हाड बसवलं, फारसं रक्त गेलं नाही, बधिर कमरेनं वैजयंता आतमध्ये सर्जनशी द्राक्षांच्या भावावर बोलत होती म्हणे. तिला खाटेवर आणून ठेवलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं. नर्स सांगून गेली, दुपार कलेल तसे पाय आपोआप जागे होतील, आधी बोटं हलतील.

उजव्या पायाची बोटं हललीसुद्धा. विश्वजीतनं टाळी वाजवली. आक्कांनी मनातल्या मनात बिरोबाला नारळ बोलला. मग विश्वजीत चहाला गेला आणि आक्का पायथ्याशी बसून राहिल्या. त्यांनी पाहिलं, की मघाशी हलत होती ती बोटं आता हलत नाहीत.

"वैजे, हालीव की."

"हालीवतेय की."

बोटं जागच्या जागी होती.

"आक्का, पाठीत लई कळ मारतीया," वैजयंता दबक्या आवाजात म्हणाली. "पाटा ठिवल्यागत वाटतंय."

आक्कांनी नर्सला हाक मारली ती अशी, की शेजारच्या खोलीतली माणसं बाहेर आली. मुजावरबाई धावतच आल्या. त्यांनी थंड पाण्यात भिजवलेला कापूस मांडीवर फिरवला, टाचणीनं टोचून विचारलं, गुडघ्याखाली हात घालून पाय उचलायला सांगितला. विचारता विचारता त्यांचा चेहरा बदलत गेला.

तेवढ्यात विश्वजीत चहाहून परतला. मुजावरबाईंनी दोघा मायलेकांना दाराबाहेर घेतलं. "भूल उतरायला लागली होती. पाय हलला होता. जागा झालेला पाय परत झोपला, त्यात ही पाठदुखी. याचा अर्थ एकच असू शकतो. कण्यात रक्त साचतंय."

"रक्त? कशानं?" विश्वजीतनं विचारलं.

"सुई आत जाताना एखादी बारीक शीर दुखावते. पुष्कळदा दुखावते, आणि आपली आपण बंद होते. बोट कापलं तर तुम्ही दाबून धरता. कण्यात कोण दाबून धरणार? ती हाडाची बंद नळी आहे. आत रक्त साचलं की ते पसरणार कुठं? मज्जारज्जूवरच दाब येतो. काही तासांत तो दाब काढला तर पाय वाचतात. उशीर झाला तर नाही. पण निरोगी माणसात हे जवळजवळ कधीच होत नाही." त्या थांबल्या आणि आक्कांकडं वळल्या. "आजी, मी परत विचारते. रक्त पातळ ठेवणारं औषध अंगात असलं तरच असं होतं. म्हणूनच सकाळी विचारलं होतं. कारण सांगायचं राहिलं माझ्याकडून. नुसतं विचारलं आणि पडद्यावर भरवसा ठेवला."

आक्कांच्या डोळ्यांपुढं भिजलेलं लुगडं आलं. त्यांना वाटलं होतं आपण त्या रक्तापासून लांब पळालो. प्रत्यक्षात आपल्या हातानं ते वैजूच्या पाठीत नेऊन ठेवलं होतं.

"म्या न्हाई घेतली सुई," त्या म्हणाल्या.

"कुठली सुई, आई?"

"सहामाही. येकबी न्हाई घेतली. तिनं घेतली. दोन्ही बारीला माज्या नावानं तीच बसली."

दार उघडंच होतं. आतून वैजयंताचा आवाज आला, कळ सोसत ओरडलेला. "आक्का! बेलभंडारा!"

आक्का दारात गेल्या. "म्याच उचलाय लावला हुता तुला," त्या म्हणाल्या. "आता म्याच खाली ठिवते. देव काय दंड करायचा त्यो मला करंल." आणि बोलताना त्यांना रडू आवरेना.

मुजावरबाई रागावल्या नाहीत. रागवायला त्यांच्याकडं वेळ नव्हता. "या औषधाला उतारा आहे," त्यांनी घाईनं सांगितलं. "रक्तातलं औषध तो शोषून घेतो. मणी विरघळतच राहतात, त्यामुळं उताऱ्याचा असर थोडा वेळच टिकतो, पण तेवढ्यात शस्त्रक्रिया करून साचलेलं रक्त काढता येतं. कण्याचे सर्जन मिरजेला आहेत, उताराही तिथंच आहे. अडचण वेगळीच आहे."

अडचण कपाटाची होती. ज्याच्या अंगात सहामाही नाही अशा माणसाला उतारा दिला तर त्याच्या धडधाकट शिरांत गुठळ्या होतात. सुरुवातीला तसे बळी गेले होते. म्हणून उताऱ्याचं कपाट आता डॉक्टरचं ऐकत नसे, नोंदीचं ऐकत असे. नोंदीत वैजयंताच्या नावावर काहीच नव्हतं. नोंद बदलायचा अधिकार ज्याच्या नावची सुई त्याच्या काळजीवाहकाला.

"म्हणजे तुम्हाला," मुजावरबाई विश्वजीतला म्हणाल्या. "फोनवर स्वतःच्या तोंडानं सांगावं लागेल. ही सुई आईच्या अंगात नाही, काकीच्या अंगात आहे. मी डॉक्टर म्हणून दुजोरा देते. तुम्ही बोला, मी गाडी काढायला सांगते."

विश्वजीत फोन हातात धरून उभा होता. पडद्यावर आईचं नाव होतं, त्यापुढं दोन हिरवी पानं.

"मी ऑफिसात दाखवायचो ही," तो म्हणाला. "सगळ्यांना सांगायचो, खेड्यातली आहे पण माझी आई कधी चुकवत नाही." त्यानं आईकडं बघितलं. "आठ महिने तू औषधाविना होतीस. कधीही गुठळी सुटली असती. आणि मी हे पान बघून गाढ झोपायचो. आई, तू मला का नाही सांगितलंस?"

"तू कुलूप लावनार हुतास."

एका परीनं ते खरंच होतं, आणि त्यालाही ते कळत होतं. रागापेक्षा लाजच जास्त होती त्याच्या तोंडावर.

"विशू," आक्का म्हणाल्या, "माजं काय करायचं ते मागनं कर. पुन्याला न्हे, कुटं बी न्हे. आदी काकीचं बोल."

विश्वजीतनं फोन तोंडाशी नेला. "माझी आई शालन जमदाडे हिच्या नावावर नोंदलेल्या दोन्ही सुया," तो म्हणाला, "माझी काकी वैजयंता जमदाडे हिनं घेतल्या आहेत. माझ्या आईनं एकही घेतलेली नाही." दोन्ही पानं गेली. आईच्या नावापुढं कोरी जागा राहिली आणि तिकडं मिरजेत एका कपाटाचं कुलूप उघडलं.

रुग्णवाहिकेत मुजावरबाई वैजयंताच्या उशाशी बसल्या, आक्का पायाशी. रस्ता द्राक्षांच्या क्रेटनी लादलेल्या ट्रॅक्टरांनी भरलेला होता, हंगामच तो. भोंगा वाजवत गाडी वाट काढत होती. आक्कांनी वैजयंताचे दोन्ही तळवे हातात धरले होते आणि त्या चोळत होत्या, जणू बधिरपण चोळून निघेल.

"कळतंय का गं वैजे, हात लावल्याला?"

"न्हाई आक्का." वैजयंताचे डोळे गाडीच्या छताला लागले होते. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुमी बोलायला नगं हुतं. आता विशू तुमाला न्हेनार."

पाय जायची वेळ आली आणि ही अजून आपल्यालाच सांभाळतीये. "गप ऱ्हा," त्या म्हणाल्या. आणि पुन्हा तळवे चोळायला लागल्या.

मुजावरबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग आपणहून म्हणाल्या, "आम्हाला शिकवायचे, कण्यात सुई घालण्याआधी माणसाला विचारा आणि का विचारता ते सांगा. औषध शेवटचं कधी घेतलं, किती घेतलं, हे नीट कळेपर्यंत हात लावू नका. नंतर ही नोंद आली आणि आम्ही सैलावलो. नोंद चुकीची नव्हती हो. तिला जे सांगितलं ते तिनं लिहून ठेवलं." त्यांनी वैजयंताच्या कपाळावरचा घाम टिपला.

मिरजेला उतारा दिला, कण्याच्या सर्जननं पाठीतून गोठलेलं रक्त काढलं. आक्का आणि विश्वजीत बाकावर शेजारी शेजारी बसले होते. विश्वजीतनं आईला चहा आणून दिला आणि तिनं तो घेतला. एकदा तो म्हणाला, "तुझ्या छातीत धडधड होत नाही ना?" ती म्हणाली, "न्हाई." तो जरा वेळानं म्हणाला, "खरं सांग." आक्कांना ते लागलं. हा प्रश्न आता जन्मभर पुरणार हे त्यांना तिथंच कळलं.

उजवा पाय परत आला. डावा गुडघ्यापर्यंत आला, घोट्याखाली मात्र पाऊल लोंबतंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, कदाचित येईल वर्षभरात, कदाचित नाही. अजून थोडा उशीर झाला असता तर दोन्ही पाय गेले असते, असंही म्हणाले. आक्कांनी त्यातलं "अजून थोडा" एवढंच ऐकलं. सकाळीच बोलले असते तर, हा हिशेब त्यांनी कुणाला सांगितला नाही आणि कुणी त्यांना विचारला नाही.

घरी जायच्या दिवशी त्यांनी स्वतःच पिशवी भरली आणि विश्वजीतपुढं ठेवली. "चल. येते तुझ्यासंगं."

"आन् माझा पाय कोन चोळनार?" वॉकरला धरून उभी असलेली वैजयंता म्हणाली. "विशू, तुझ्या आईला न्हेलंस तर मला बी न्हे, आन् शेड बी न्हे उचलून."

विश्वजीतनं पिशवी उचलली आणि गावाकडं जाणाऱ्या गाडीत टाकली.

पुढच्या खेपेला पांढरी गाडी चावडीपुढं थांबली तेव्हा आक्का रांगेत उभ्या होत्या. तोंडाला रुमाल नव्हता. नर्स आता नुसतं कार्ड बघत नव्हती, तोंड बघत होती आणि प्रत्येकाला दोन वाक्यं सांगत होती, की कुठलंही ऑपरेशन असेल, विशेषतः पाठीत भूल द्यायची असेल, तर या सुईबद्दल आधी डॉक्टरला सांगा. हे सांगायला मुजावरबाईंनीच भाग पाडलं होतं म्हणे. आक्कांच्या शेजारी वैजयंता होती. घरी बस म्हटलं तरी ऐकलं नव्हतं. वॉकर टेकवत, डावं पाऊल ओढत चावडीपर्यंत आली होती.

"शालन जमदाडे," पुकारा झाला.

सवयीनं वैजयंतानंच मान वर केली. मग दोघींच्याही ते ध्यानात आलं आणि दोघीही हसल्या नाहीत.

आक्का पुढं झाल्या. बाही वर केली. नर्सनं कापूस फिरवला आणि त्या गार स्पर्शासरशी त्यांना तो दवाखाना आठवला, मांडीवरून फिरणारा कापूस आणि "काय बी कळंना" म्हणणारी वैजू. त्यांनी डोळे गच्च मिटले.

वैजयंतानं वॉकरवरचा एक हात सोडला आणि आक्कांचा मोकळा हात धरला.

"भिऊ नगा आक्का," ती म्हणाली. "जरा झोंबतंय, मग काय न्हाई. मी दोनदा घेतलीया."